बाबलीची तेलाची वाटी

मी, सुगंधा गुरुदास आचरेकर, राहणार कट्टा, तालुका मालवण, कुणाच्याही दबावाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आमच्या घराण्यात बाईला तो लागतो. पुरुषाच्या पोटात कळ आली की मात्र दाखल्याशिवाय सगळ्यांना सगळे कळते.

१. गावात पोट चोळून बेंबी बसवणारा बाबली यास त्याची तेलाची वाटी परत द्यावी. माझे यजमान पोट धरून पडले तेव्हा मी गाडी बोलवा म्हणत होते. दीर सुदेश म्हणाले, "वैनी, गाडी कित्याक? बेंबी सरकली आसा. बाबली बसवतलो." बाबलीने चोळून चोळून बसवली. आत धमनी फाटली होती. कुडाळच्या इस्पितळाच्या वाटेवरच ते गेले. बाबली बोलावल्यावर आला, एवढाच त्याचा दोष. वाटी मी घासलेली नाही. त्याने घासावी आणि पुन्हा कुणाच्या पोटाला लावू नये.

२. राहते घर व बँकेतली शिल्लक माझी मुलगी इशिता हिला. तिचा दात काढताना रक्त थांबेना, तेव्हा मुंबईत आजाराचे नाव कळले: रक्तवाहिन्यांचा एहलर्स-डॅनलॉस, ज्यात धमन्या नाजूक होऊन अचानक फाटतात. वडिलांकडून आलेला वारसा. त्याला सातबारा लागला नाही. दरवर्षीचा स्कॅन आणि रक्तदाबाची गोळी तिने चुकवू नये. आजाराचे कार्ड पर्समध्ये ठेवावे. पोटात किंवा छातीत अचानक दुखले तर आधी इस्पितळ, नातेवाईक नंतर. पैसे कमी पडले तर माझ्या बांगड्या मोडाव्यात.

३. हा आजार दिरांत आणि त्यांच्या मुलातही असू शकतो, हे शब्दकोश जवळ घेऊन मी वाचले आणि त्यांना सांगितले. उत्तर आले, "आमच्या घराण्यात असला काय नाय. दीपेशचा लगीन ठरवचा आसा, तोंड बंद ठेवा." दीपेशला कबड्डीत नुसता हात लागला तरी निळे डाग उठतात. बाहेरचे लागले म्हणून त्याच्यावरून नारळ ओवाळून टाकतात. नारळ माझ्याच बागेतले.

४. ती माडांची बाग पुतण्या दीपेश यास. अट एकच: त्याने जनुकीय तपासणी करावी. निकाल काहीही येवो, बाग त्याची. मी असताना केली तर त्याच दिवशी बाग नावावर करून देईन, माझ्या मरणाची वाट बघायला नको. न केल्यास बाग इशिताची, आणि ओवाळायचे नारळ त्यांनी विकत आणावेत.

५. यजमानांचा निळा चौकडीचा शर्ट माझ्यासोबत चितेवर ठेवावा. बाकीचे वाटावेत.

६. दिरांना काही नाही. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार बरा, असे वकील म्हणाले. साक्षीदाराने सहीआधी सगळे वाचावे, ही माझी अट. सांगितलेले त्यांनी कधी ऐकले नाही. त्यांचा चष्मा पुसून ठेवला आहे.

कट्टा, ता. मालवण
११ ऑक्टोबर २०२५

सुगंधा गुरुदास आचरेकर (सही)

साक्षीदार:
१. सारिका प्रीतम गावडे, शेजारीण (सही)
२. सुदेश आचरेकर, दीर (सही)

वाचलंय. चष्मो परत पुसूचो लागलो. सोमवारी दीपेशाक घेवन जातंय. माझापण रगत देतंय.