झऱ्यावर सोडलेला अंबाडा

लुआन, तुम्हांला,

आज सासूबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून मी एकटीच डोंगरावरच्या गरम झऱ्यावर गेले. लग्नात त्यांनी डोक्यावर बांधलेला अंबाडा सोडला, तांदळाच्या आंबलेल्या पाण्याने केस धुतले आणि ते वाळवत बसले. तेवढ्यात पलीकडच्या दरीतली एक म्हातारी पाण्यात उतरली.

"कुणाची गं तू? एवढी मोठी झालीस, नि अजून मोकळे केस?"

"अंबाडा बांधायला कुणी आलंच नाही, मावशी," मी थट्टेने म्हटलं.

"मग माझा पोरगा कर. घोरतो जरा, पण घर सोडून कुठं जात नाही."

आपल्याकडे अंबाडा नाही म्हणजे लग्न नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. केस बांधायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. तिने विचारलं म्हणून बाबांचं नाव, माहेरचं गाव सांगितलं. रविवारी ती सुपारी घेऊन बाबांच्या दारात जाणार आहे.

उद्याच माहेरी जाऊन बाबांना सावध करेन. थट्टा अंगाशी आली, एवढंच त्यांना सांगेन. हे पत्र टाकणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. तुम्ही हनोईच्या कारखान्यात गेल्याला तीन वर्षं झाली. घरी कोण कोण असतं, असं तिने विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं नाही, आणि ते मला मुळीच जड गेलं नाही.

'तुमचीच' असं आज लिहवत नाही, म्हणून नुसतीच,
म्वोन