लंबूच्या नावाची पाळी

२ तारीख, सोमवार

कबूल करून टाकतो: आज मी एका मेलेल्या माणसाला कामावर हजर केलं.

नोकरीला चारच दिवस झालेत, पण मजेत आहे. साथीच्या वॉर्डात वॉर्डबॉय! ताईला वाटलेलं मी पहिल्याच दिवशी पळून येईन.

इथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट. कोण कोण आहे कळतच नाही, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचं. माझं 'बारक्या', घरचंच. काचेपलीकडे एसीत हजेरी कारकून बसतो. आम्ही त्याला मासा म्हणतो. तो छातीवरची नावं वाचून पाळ्या मांडतो. जितक्या पाळ्या, तितका जोखीम भत्ता, दर शनिवारी रोख. मोठे साहेबही हा भत्ता घेतात. त्यांची जोखीम काय, तर खुर्चीवरून पडायची.

लंबू इथलाच वॉर्डबॉय. इतका उंच, की सूट नडगीपर्यंतच यायचा म्हणे. महिन्यापूर्वी याच वॉर्डात गेला. माशाने त्याचं नाव खोडायचीही तसदी घेतली नाही. मग माझी पाळी संपल्यावर मी नवा सूट चढवला, 'लंबू' लिहिलं आणि ट्रॉली ढकलत काचेसमोरून गेलो. मांडली पाळी! पाच फुटांचा लंबू! गाढवाला चष्मा लावला तरी गाढवच.

५ तारीख, गुरुवार

सकाळी बारक्या, दुपारी लंबू. रोज.

सफाईच्या मावशींनी पकडलं. म्हणाल्या, मेल्या, गेलेल्याचं नाव अंगावर घेऊ नये. फार कामसू होता तो, एक पाळी कधी चुकवली नाही त्याने. मी म्हटलं, अजूनही कुठे चुकवतोय? हसल्या नाहीत. अडाणी बाई.

७ तारीख, शनिवार

दोन्ही नावांनी भत्ता घेतला. लंबूच्या पाकिटात दुप्पट! मी तर त्याची रोज एकच पाळी भरली. मासा म्हणे, सकाळीपण असतोस की, त्या बुटक्याबरोबर.

याला पगार कोण देतं? पाकीट मात्र ठेवलं. ताईला भाडं द्यायचं कबूल केलंय.

९ तारीख, सोमवार

पाच नंबरचे आजोबा विचारत होते, मघाचा उंच पोरगा कुठे गेला? प्रेमाने पाणी पाजलं म्हणे, पण हात फार गार. तापात माणूस काहीही बघतो.

मी पाणी दिलं नव्हतं. ग्लास मात्र ओला होता.

११ तारीख, बुधवार

पाहिला.

सकाळी, सिलिंडरच्या रांगेमागे. पाठमोरा. सूट नडगीपर्यंत. खाली पाय निळे —

वळला. छातीवर 'लंबू' नव्हतं. 'बारक्या' होतं. माझ्याच अक्षरात, 'र'चं शेपूट तसंच वाकडं. शाई अजून ओली.

१२ तारीख, गुरुवार

'बारक्या' लिहून गेलो. माशाने हात हलवला. तो कधीच आत गेलाय म्हणे, तू तुझं नाव लिही.

लंबू लिहिलं. लगेच मांडली.

शनिवारचं पाकीट घेतो आणि सुटतो. एकदाच —

१३ तारीख, शुक्रवार

सूटची चेन उघडत नाही. रिपोर्टच्या पाठीवर लिहितोय, वही बाहेर राहिली.

सूट आखूड होतोय. सकाळी टाचेपर्यंत होता. आता नडगी उघडी — निळी —

वॉर्डच्या फोनवरून ताईला लावला. कोण हो तुम्ही, म्हणाली. बारक्या तर आत्ताच आला, हात धुतोय. आज किती गार पडलेत त्याचे —

मी आहे ताई, मी — ठेवला तिने.

मावशींना हाक मारली. छातीवरचं नाव वाचलं, पाय पाहिले, किंचाळत पळाल्या. काचेकडे. हातवारे करून सांगतायत, हा मेलाय, याचं नाव खोडा —

मासा यादी उलगडतोय.

हा कागद ज्याला मिळेल त्याच्या पाया पडतो. लंबू मेलाय हे कोणाला सांगू नका. माझ्याकडे आता तेवढंच एक नाव आहे. ते खोडलं तर मी कोणाच्या —

माशाने पेन उचललं. मावशी, नको, सांगू न