चकमकीची बंदूक पुलापार

मी, ऑर्था स्ट्रायकर, वय एकाहत्तर, राहणार लुइस्टन, न्यूयॉर्क राज्य, जन्मभर नळकाम करून पोट भरलेली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. मधेच हसतेय ती आनंदानं. साक्षीदारांनी भलता अर्थ लावू नये. शनिवारी माझं लग्न आहे, म्हणून आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर भाचा गार्थला. तो म्हणाला, "आत्या, या वयात? आणि तेही पलीकडच्याशी?" अरे, नदीपलीकडच्या कॅनडातलाच आहे, चंद्रावरचा नाही. घर तरीही त्यालाच. तळघरातला नळ मात्र त्यानं स्वतः दुरुस्त करावा.

२. पाने, पकडी, करवती जुन्या लढाईचा देखावा करणाऱ्या आमच्या तुकडीला. कप्तान लायल ट्रम्बोवरला वैयक्तिक काहीही देऊ नये. "बाईनं सूप ढवळावं, रांगेत उभं राहू नये," असं तो चारचौघांत म्हणाला होता. पुढच्याच महिन्यात बंदुकीची तुटलेली स्प्रिंग बसवून घ्यायला माझ्याच दारात आला.

३. बँकेतली शिल्लक माझा होणारा नवरा डेस्मंड हॅगर्टी याला. तो नको म्हणेल. त्याचं छप्पर गळतं, तेव्हा ऐकू नये.

४. आता बंदूक. पणजोबांची, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीनं उडणारी, खरी जुनी. पलीकडे कॅनडात दर उन्हाळ्यात अमेरिकन आणि इंग्रज यांच्या जुन्या लढाईचा देखावा होतो, त्यासाठी मी ती पुलावरून नेते. बंदुकीची दारू तिकडेच विकत घेते. पहिल्या वर्षी सीमेवरच्या अधिकाऱ्यानं गाडी थांबवली.

"बाई, हत्यार आहे?"

"एक बंदूक."

"कशासाठी?"

"इंग्रजांना मारायला."

मागे भोंगे वाजत होते. तो हसला नाही. बंदूक हातात घेऊन विचारलं, "घोडा कोणी बसवला?" म्हटलं, मीच. त्यानं कागदावर शिक्का मारला, आणि शनिवारी खरं-खोटं बघायला मैदानावर हजर! पुढच्या वर्षी इंग्रज शिपायाचा लाल कोट घालून समोरच्या रांगेत उभा. तो डेस्मंड. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही एकमेकांवर गोळ्या झाडतो.

या जुलैत मी कुंपणापाशी मरून पडले. तोही शेजारीच येऊन मेला.

"ऑर्था, मेलेल्यांना बोलता येतं का?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"लग्न करतेस?"

मी ताडकन उठून बसले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. लायल ओरडला, "स्ट्रायकर, तू मेलीयेस!" मी ओरडले, "नाही मेले!" आणि डेस्मंडला होकार दिला.

शुक्रवारी बंदूक माझ्यासोबत पूल ओलांडेल. या खेपेला आम्ही दोघी परत यायच्या नाही. माझ्यामागे ती डेस्मंडची. गार्थनं "ती अमेरिकेची आहे" म्हणून भांडू नये. बघायला यावं, जेवून जावं.

५. अंत्यविधी साधा करावा. बंदुका झाडू नयेत. काय झाडायच्या त्या शनिवारी लग्नात झाडा, म्हणजे मला ऐकू येतील.

साक्षीदार: कॉर्लिस वेन्ट, औषधविक्रेते. आयोनी पासेक, चर्चमधल्या वादक. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: लुइस्टन. दिनांक: ९ सप्टेंबर २०१९
सही: ऑर्था स्ट्रायकर (शनिवारनंतरही हेच नाव)