पायरीवरची बंदूक

२१ सप्टेंबर २००८, रविवार

आलो बाबा एकदाचा चेन्नईत! अण्णा नगरमध्ये वरची खोली मिळाली, आणि घरमालक चक्क मराठी. तंजावरकडचे. बालाजीराव बँकेतून निवृत्त झालेत, सईकाकू घर सांभाळतात. त्यांची मराठी ऐकून वाटतं, एखादी बखर बोलायला लागली की काय. मधेच तमिळ घुसतं आणि मी नुसती मान डोलावतो. माझं नाव त्र्यंबक आहे कळल्यावर बालाजीराव म्हणाले की तिसरा डोळा जपून वापरा हो, घर भाड्याचं आहे.

काकूंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डावा अगदीच अधू, म्हणजे सगळा भरवसा या एकावरच. त्या दिवसभर हरखून वस्तू बघत असतात. काल मला म्हणाल्या की तुझ्या शर्टाची चौकट निळी आहे हे दिसलं रे मला. इतका आनंद झाला त्यांना की मलाच भरून आलं.

माझी नोकरी ओरगडमला, ट्रकच्या सांगाड्यांचे वेल्डिंगचे सांधे तपासायची. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर येते. काम सगळं डोळ्यांचं, भरती करतानाही आधी डोळेच तपासले. आईला फोनवर सांगितलं, जेवण उत्तम, कॉफी त्याहून उत्तम.

२८ सप्टेंबर, रविवार

बालाजीरावांबरोबर टी. नगरला गेलो होतो. गर्दी अशी की आपले पाय आपल्याला हलवावे लागत नाहीत. नवरात्रात यांच्याकडे कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. यंदा आपलं यान चंद्रावर निघणार म्हणून बालाजीरावांनी खालच्या पायरीवर चंद्र करायचं ठरवलंय. मी फुटपाथवर एक अंतराळवीर घेतला आणि त्याच्या शेजारी ठेवायला एक खेळण्यातली बंदूक. सिनेमातल्या परग्रहावरच्या शिपायांकडे असते तशी, चंदेरी, गलेलठ्ठ, चाप ओढला की टँव टँव करणारी. बालाजीराव पोट धरून हसले.

घरी येऊन पायऱ्या मांडल्या. सगळ्यात वर राजसबाई बसते. काकूंच्या पणजीच्या वेळची मान डोलावणारी राणी आहे ती. काकूंनी प्रत्येक बाहुलीला हळदकुंकू लावलं, बंदुकीलासुद्धा. मी हसलो, तर त्यांनी समजावून सांगितलं की पायरी चढली ती वस्तू बाहुलीच झाली. दशमीला अंगाई म्हणून निजवायची आणि मगच उतरवायची. "निजवल्यावाचून उतरवूं नये रे," असं दोनदा म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! रिची स्ट्रीटवरून एक बिघडलेला डीव्हीडी रायटर आणला. त्यातला तांबडा लेसर चांगला होता. काकू आणि बालाजीराव शेजारच्या कोलूला सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, खायला गेले तेव्हा बंदूक हळूच उचलून वर आणली. संध्याकाळच्या आत परत ठेवणार होतो, मग कोणाला काय कळतंय?

तिचं टँव टँव काढून आत लेसर बसवला. चाप ओढला आणि भिंतीवर असा टिपका पडला की मी एकटाच ओरडलो. फुगा फोडला. काळ्या कागदाला भोक पाडलं, धूर निघाला. लहानपणापासून अशी खरी बंदूक हवी होती, ती आज माझ्या हातात होती. एकदा तेवढा उजेड स्टीलच्या डब्यावरून उलटून डाव्या डोळ्यावर आला. किंचित. डोळ्यांपुढे हिरवट ठिपका राहिलाय, झोपलो की जाईल.

बंदूक पायरीवर ठेवून दिली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

कोलूतल्या वाण्याच्या बाहुलीचा डोळा जळालाय. नीट बुबुळात, सुई टोचावी तेवढं भोक आणि कडेला काजळी. काकूंना वाटतंय उदबत्तीची ठिणगी उडाली. त्यांना तेवढं बारीक दिसलं याचंच मला वाईट वाटलं. मीच चाचणीत कुठे चुकलो असेन का? पण मी खोलीबाहेर चाप ओढलाच नव्हता.

बॅटरी काढून घेतली. खिशात ठेवली आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

वाण्याच्या बायकोचेही डोळे गेले. दोन्ही. आणि एक पायरी वरच्या नवरानवरीचे. बॅटरी माझ्या खिशातच आहे, दहा वेळा चाचपून बघितली.

बालाजीराव म्हणतात, मुंग्या असतील. मुंग्या काय बुबुळच नेमकं शोधतात?

मी सांगायला हवं होतं. पण नवीन माणूस, देवाच्या पायरीवरची वस्तू न विचारता उचलली, ते कोणत्या तोंडानं सांगू?

७ ऑक्टोबर, मंगळवार

हिरवा ठिपका गेला नाही, काळा झाला. जिथे बघावं तिथेच बसतो, नेमका मधोमध. आज सांध्यातला तडा मला दिसला नाही. दुसऱ्याने धरला. साहेबांनी तसंच डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध भाजल्याचा डाग आहे, भरून येईल असं धरून चालू नका, उजवा जपा. म्हणजे उजवा गेला तर नोकरी गेली, सगळंच गेलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. डाग एकाच झटक्याचा दिसत नाही, पुन्हा पुन्हा बघितलंत का?

मी एकदाच बघितलं. जागेपणी तरी एकदाच.

घरी आलो तर खालच्या सगळ्या पायऱ्या आंधळ्या. फक्त राजसबाई उरली होती. वारा नव्हता आणि ती मान हलवत होती. नाही, नाही म्हणाल्यासारखी.

८ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा, सुट्टी. सकाळीच बंदूक खोलून लेसर उपटला, पक्कडीने चुरा केला. नुसतं प्लास्टिकचं खोकं राहिलं. ते पायरीवर परत ठेवलं, कारण ती जागा मोकळी बघायची भीती वाटली.

दुपारी लाईट गेले. बाहेर ढग, दिवाणखान्यात अंधार. काकू फुलं बदलत होत्या. आणि त्यांच्या पदरावर तांबडा टिपका —

खोकं रिकामं होतं. मी स्वतः रिकामं केलं होतं. टिपका खांद्यावर आला, मानेवर, गालावर, अगदी सावकाश, वाट शोधत असल्यासारखा. मी धावलो आणि काकूंचा चेहरा माझ्या छातीशी दाबून धरला. फुलं सांडली, परडी गडगडली. टिपका राजसबाईकडे वळला आणि तिच्या डोळ्यांतून धूर आला.

मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं. काकू रागावल्या नाहीत, घाबरल्या. त्याचंच जास्त भय वाटतंय. मग पुटपुटल्या, "तें जागेंच उतरलें रे." जागेपणी पायरीवरून उतरलं, आणि उतरवून मी त्याला डोळा दिला. आता डोळ्यांवाचून त्याला दुसरं काही ठाऊकच नाही. उद्या दशमी, त्याला निजवायलाच हवं, त्या म्हणाल्या. अंगाई म्हणायची, आणि म्हणताना त्याच्या डोळ्यात बघायचं. मूल निजवताना बघतात तसं. न बघता निजवलं तर निजत नाही.

मी निजवीन, म्हणाल्या. माझ्या घरचं आहे.

त्यांचा तो एकच डोळा! निळी चौकट बघून हसलेला!

नाही. हे मी होऊ देणार नाही.

९ ऑक्टोबर, विजयादशमी

काकूंच्या आधी उठलो. खोकं वर आणलं. दाराला कडी. चूक माझी, तर निजवीनही मीच.

उशीवर आडवं केलं, वर माझा टॉवेल घातला. आईची अंगाई आठवेल तशी म्हटली. आणि नळीत बघितलं —

पोकळ आहे. आत काहीच नाही. तरी पेटलं.

पुन्हा म्हटली. ते निजत नाही. माझ्या घरची अंगाई त्याला कळत नाही, त्याला ह्या घरची लागते

नंतर

उजवाही गेला. मधे काळं, कडेला थोडा उजेड. बोटाने ओळ धरून लिहितोय, एकावर एक अक्षर पडत असेल. कोणी वाचलं तर काकूंना सांगा, पायरीपाशी डोळे मिटूनच —

दुखत नाही. पापणीवर ऊब लागते फक्त. उन्हात बसल्यासारखी. ती हलली की कळतं ते कुठे बघतंय. आत्ता डाव्यावर. आत्ता उजव्यावर. इथेच आहे तोवर बरं आहे. माझ्यावर आहे तोवर बरं.

बालाजीराव देवळात गेले असणार. खाली भांडं वाजलं. काकूंनी कोलूतली रिकामी जागा बघितली असणार

जिन्यावर पावलं. एकेक पायरी, कठड्याला धरून. अंगाई म्हणत येतायत. म्हणतच —

ओरडलो. येऊ नका म्हटलं. त्या थांबत नाहीत, पण कडी, कडी तर मी आतून घातली होती. कडी वाजली. आपोआप

पापणी गार पडली.

माझ्यावर नाही आता. दाराकडे

काकू डोळे मिटा काकू डो