फिट असल्याचा दाखला

सातपूर
३ जून २००१

ति. चंद्रभागाताईस,
खंडेरावचा शि. सा. न. वि. वि.

क्रेन चालवण्याची बढती ठरली होती, पण कंपनीच्या डॉक्टरांनी अडवलं. बीपी वाढलंय म्हणे, साखरही काठावर. टेप काढून पोटाचा घेर मोजला. डॉक्टर की शिंपी, तेच कळेना! रोजची एक गोळी लिहून दिलीय, आणि तीन महिन्यांत बीपी उतरलं नाही तर बढती दुसऱ्याला.

म्हणून रोज पहाटे फिरायला जातो. मैदानापर्यंत मोटारसायकल, मग एक फेरी आणि मंडळींबरोबर मिसळ. चालून आल्यावर अंगात ताकद नको का? मीठ वरून घेत नाही, फरसाणात असतं तेवढंच. तुझी भावजय सुवर्णा भाजी अळणी करते, तेव्हा लोणच्याची एक बरणी पाठव. भावोजींना नमस्कार.

तुझा लाडका,
खंडेराव


नांदगाव
११ जून २००१

चि. खंडूस अनेक आशीर्वाद.

तुझं फिरणं वाचून हे पोट धरून हसले. मळ्यात होतास तेव्हा दिवसभर भाजीला पाणी द्यायचास, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचास. आता पानटपरीपर्यंतही गाडी लागते.

लोणचं मिळणार नाही. इतकी वर्षं मीच बरण्या भरभरून पाठवल्या, माझंही चुकलंच. पाळीवरून आलास की टीव्हीसमोर बसू नकोस, झोप. आणि गोळी रोज घे. माझ्या बोलण्याचा राग नसावा.

तुझी ताई


सातपूर
२ सप्टेंबर २००१

ति. ताईस सा. न.

पेढे खा, पास झालो! युक्ती केली. तपासणीआधी पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, मिसळ सोडली. आकडा उतरला, डॉक्टरांनी सही केली. दाखला काचेच्या फ्रेममध्ये लावलाय. आता कागदच सांगतो की मी फिट, तर गोळ्या कशाला? मिसळही सुरू केली. पुढच्या सोमवारपासून क्रेनवर.

काल शिकताना शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. नवे बूट चावतात, त्यानेच असेल. सुवर्णाला सांगू नकोस. लोभ वाढता ठेव, क्रेनसारखा उंच!

तुझा क्रेनवाला भाऊ


नांदगाव
६ सप्टेंबर २००१

चि. खंडूस आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तशीच एसटीडी बूथवर गेले. तुझ्या कंपनीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं: गोळ्या, मिसळ, अंधारी. दाखला रद्द करावा लागेल, असं ते म्हणाले. करा, म्हटलं. तुझी बढती मी घालवली, दुसऱ्या कुणी नाही.

आपले आबा तुझ्याच वयाचे होते. चक्कर आली, तर उन्हाने आली म्हणाले. आठव्या दिवशी अंगावरून वारं गेलं. नऊ वर्षं मी त्यांना घास भरवला. तू लहान होतास, तुला त्यांची खाट तेवढी आठवत असेल. खंडू, मला भीती वाटते रे. आणि क्रेनखाली दहा माणसं वावरतात, त्यांनाही जीव आहे.

खुशाल रागाव. पत्र लिहू नकोस. भाऊबीजेला तोंड फिरवून बसलास तरी मी ओवाळीन. फक्त स्वतःच्या पायांनी चालत ये.

रागाखाली थोडी माया राहू दे.

तुझी ताई