उम्म हिलालची संमती

प्रिय रिहाब,

हिलालच्या मित्राच्या गाडीतून मुशब्बक मिठाईचा डबा पाठवते आहे. वरचा थर मैत्रिणींना दे, खालचा तू ठेव. तो पाकात जास्त मुरलाय.

तुझा फोन आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. कॉलेजच्या वर्तमानपत्रातला तुझा लेख विद्यार्थी पत्रकारितेच्या पुरस्काराला पाठवायचा, तर त्यातल्या बाईचं, म्हणजे माझं, खरं नाव हवं. नुसतं ‘उम्म हिलाल’, मुलाच्या नावाने ओळखली जाणारी आई, चालणार नाही. आणि गुरुवार शेवटचा दिवस. तू म्हणालीस, “आई, तू नको म्हटलंस तर मी अर्जच करणार नाही.” चिडली असतीस तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

जेवताना विषय काढला, तर हिलालचा घास हातातच राहिला. “उद्या चहाच्या दुकानात पोरं मला तुझ्या नावाने हाका मारतील, चालेल?” तुझे बाबा म्हणाले, “माझं नाव अख्ख्या दुम्यात शहराला पाठ आहे. मी कुठे झिजलो?” “तुमची गोष्ट वेगळी, बाबा.” “वेगळी कशी? तिचे हात चालतात म्हणून आपल्या फर्निचरला गिऱ्हाईक आहे!” तो ताट सारून उठला. मला त्याचा राग येत नाही. आईचं नाव वर्गात फुटलं म्हणून लहानपणी तो मारामारी करून आला होता, आणि तेव्हा त्याचं रक्त पुसताना मला आतून बरंच वाटलं होतं.

मी नाहीच म्हणणार होते. हिलालसाठी, असं स्वतःला बजावलं. मग खुर्चीवर लाखेचं पॉलिश चढवता चढवता वाटलं, हे खरं का? तुझ्या मावशीच्या लग्नपत्रिकेवर तिचंच नाव नव्हतं, ‘हाजींची धाकटी कन्या’ एवढंच. आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसलो होतो. आणि मी, शिकलीसवरलेली, माझ्या डायरीतही ‘उम्म हिलाल आज दमली’ असंच लिहिते. तिथे कोणत्या चहाच्या दुकानातली पोरं वाचायला येतात?

आज सकाळी हिलालने माझ्याजवळ चहा ठेवला. खुर्चीकडे बघत म्हणाला, “द्यायचंच तर आजोबांच्या नावासकट दे. अर्धवट नाव बरं दिसत नाही.” आणि कान लाल करून निघून गेला.

म्हणून फोन न करता लिहायला बसले. तुमच्या समितीला माझ्या हातची संमती हवी ना, ती हीच. फक्त एक दुरुस्ती कर. बाबांचे हात थरथरू लागले म्हणून मी ‘नाइलाजाने’ हे काम धरलं, असं तू लिहिलं आहेस. सुरुवात तशी झाली, खरं आहे. पण पॉलिशचा बोळा फिरवताना लाकडातल्या रेषा उजळून वर येतात ना, तेव्हा मला दुसरं काही नको असतं. तो शब्द काढ. पुरस्कार मिळो न मिळो, माझ्या नावाशेजारी तो नको.

तुझीच आई,
बदीआ अब्दुल-मोनेम शाहीन