पाठमोरी खुर्ची

कॉव्हेंट्री
९ जून २०२५

प्रिय रचनाताई,

सप्रेम जयभीम.

हॅरोतलं नवं घर आता लागलं असेल. तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, रश्मीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच फार मागे लागले होते. इकडे आम्ही ठीक, म्हणजे जसे होतो तसे. बाबांचं ब्लडप्रेशर गोळ्यांनी ताब्यात आहे. आईने मागच्या बागेत मेथी पेरली होती, ती कबुतरांनी खाल्ली. तरी ती त्या मातीला रोज पाणी घालते. मी मिल्टन कीन्सची नोकरी अर्धवेळ करून घेतली आहे. गाडी चालवताना अजून प्रत्येक राउंडअबाउटवर घाबरते, तेवढं मात्र बदललं नाही.

तुला वाटेल, हिला फोन करता येत नाही का? येतो. पण फोनवर तुला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागलं असतं. पत्राला उत्तर नाही दिलं तरी चालतं. तसं वाटलं तर खरंच देऊ नकोस.

दादा तसाच आहे.

हे वाक्य वाढवून पाहिलं, मग पुन्हा एवढंच ठेवलं. त्याचे डोळे सकाळी उघडतात, संध्याकाळी मिटतात, पण कशावर ठरत नाहीत. पोटातल्या नळीतून अन्न जातं. कधी जांभई देतो, तेव्हा आई आमच्या सगळ्यांकडे बघते, परीक्षेत पास झाल्यासारखी. केअर होममध्ये मायरा नावाची नर्स आहे, ती त्याला रोज फुटबॉलच्या बातम्या सांगते. फुटबॉल त्याला कधीच आवडला नाही. पण ती इतक्या मायेने सांगते की मी तिला काही बोलत नाही.

आईने यंदाच्या जुलैच्या खोल्या सांगून ठेवल्या आहेत. ऑस्ट्रियातल्या आपल्या त्याच गेस्टहाउसमध्ये. मी भांडी पुसत होते तेव्हा ऐकलं. "ग्राउंड फ्लोअर, प्लीज. माय सन, व्हीलचेअर. यू हॅव रॅम्प?" पलीकडे घरमालकीणबाई बोलत नसाव्यात, कारण आईच मधेमधे "हॅलो? हॅलो?" करत होती. फोन ठेवून मला म्हणाली, "झालं. त्या हवेत संघूचे डोळे माणसावर ठरतात की नाही बघ. इथे काय, छत आणि ट्यूबलाइट." इतक्या लांब ॲम्ब्युलन्सने नेता येईल का, वाटेत नळीचं कसं करायचं, हे ती येईल त्या डॉक्टरला विचारते. ते नाही म्हणतात. ती म्हणते, हे लोक कधी डोंगरात गेलेत का!

तू त्या खोऱ्यात एकच उन्हाळा पाहिलास, आणि तो तसा. म्हणून सांगते, आमचे आधीचे उन्हाळे तसे नव्हते. पहिल्या वर्षी आईची कुरकुर चालली होती, "लोक सुट्टीत नागपूरला माणसांत जातात, आपण गाई बघायला आलो." दुसऱ्या दिवशी तिने सलवार वर करून नदीत पाय घातले आणि जेवायलाही उठेना. घरमालकीणबाईंना तिने ठेचा दिला, तर त्या तो चीजबरोबर खायला लागल्या. दादा सकाळीच गायब व्हायचा. कधी नदीत राफ्ट, कधी कड्याला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्यांवरून चढाई, कधी पॅराग्लायडरच्या शिकवणीत वाऱ्याची वाट बघत गवतात लोळणं. मी खाली उभी राहून त्याचं रंगीत कापड शोधायची आणि भलत्याच माणसाला हात करायची.

एकदा त्याने आईला डोंगरउतारावरच्या रुळांवरच्या घसरगाडीत बसवलं. ब्रेकचा दांडा तिच्या हातात होता, पण तिला ते माहीत नव्हतं. सगळ्या खोऱ्याने ऐकलं, "संघ्याऽऽ, मेल्या, ब्रेक कुठंय!" खाली पोचल्यावर तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "परत एकदा."

आईला मी अजून सांगत असते की तो कड्यावरून पडला नाही. पॅराग्लायडरवरूनही नाही. सगळं संपवून, हेल्मेट काढून बॅगेला अडकवून, गाईंच्या वाटेने खाली येताना ओल्या गवतावरून त्याचा पाय घसरला. त्या वाटेवर लहान मुलं घसरतात आणि हसत उठतात. नेमका तिथे दगड होता. रचनाताईने काय धरायला हवं होतं, आणि कसं, असं तिलाच विचारते. आई ऐकून घेते आणि म्हणते, "पण ती बरोबर होती ना?" हेच ती तुला ख्रिसमसला त्याच्या खोलीत म्हणाली, आणि मग तू यायची थांबलीस. तुझं काही चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. हे मी त्याच दिवशी लिहायला हवं होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

१९ तारखेला, गुरुवारी, केअर होममध्ये बैठक आहे. नळीतून अन्न देत राहायचं की थांबवायचं, त्यासाठी. थांबवलं तर त्याला त्रास होणार नाही याची काळजी घेतात, आणि काही दिवसांत तो जातो. डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं, "निर्णयाचं ओझं तुमच्यावर नाही. तुम्ही एवढंच सांगायचं, त्याला स्वतःला काय हवं असतं." आई म्हणाली, "ते मला विचारा. मी आई आहे त्याची." दर रविवारी विहारात अनित्यतेवर बोलणारे बाबा, तिथे फक्त "आय डोंट नो, डॉक्टर" म्हणाले.

तुला आठवत असेल. तिथल्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू मला सांगितलं होतंस. तो पडला त्याच्या आदल्या दिवशी तळ्याच्या काठावर तू त्याला तुझ्या आजोबांबद्दल सांगत होतीस, ते शेवटी किती काळ नळीवर होते ते. तेव्हा दादा म्हणाला होता, "मला असं नाही ठेवायचं हं, रचना. प्रॉमिस." ते फक्त तू ऐकलंस.

बाबा लहानपणी आम्हा दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून मराठी लिहायला लावायचे. विषय ठरलेला असायचा, काल काय पाहिलं. त्यात कुणाकडून ऐकलेलं आलं की लाल रेघ. "हे ऐकीव आहे. ज्याने पाहिलं त्याला लिहू दे." मी रडकुंडीला यायचे. दादा वैतागून लिहायचा, "काल मी भिंत पाहिली. भिंत पिवळी होती." बाबा त्याला पूर्ण मार्क द्यायचे.

डॉक्टरबाई म्हणतात, ऐकीवही सांगितलेलं चालतं. मला चालत नाही. आणि मी सांगितलं तर आई म्हणेल, ती पोरगी सुटायला बघतेय. म्हणून तू येऊन

मंगळवार

काल इथे थांबले. ते वाक्य पुरं करता येईना. तू कशीबशी उभी राहिली असशील, आणि मी तुला बोलावून आईसमोर परत तिथेच नेऊन ठेवणार होते.

त्या उन्हाळ्यांबद्दल लिहिल्यावर रात्रभर एकच गोष्ट डोक्यात राहिली, ती सांगते. तू आमच्यात येण्याआधीची आहे. त्या वर्षी गेस्टहाउसच्या पायऱ्यांवरच, बॅगा उतरवताना, दादाचा घोटा मोडला. प्लास्टर घातलं. बाबांनी ठरवलं की त्याला दोघांनी धरून केबल कारने वर न्यायचं, वरच्या गच्चीत बसवायचं, बर्फाचे डोंगर तरी दिसतील. आई शाल घेऊन तयार.

दादा म्हणाला, "बाबा, मी लगेज नाहीये."

बाबा हसले. आई म्हणाली, "अरे, आम्ही उचलतो ना! तुला काय करायचंय?"

"तेच ना, आई. त्यात मला काहीच करायचं नाहीये. उचलून नेऊ नका मला. जाता आलं तर जाईन, नाहीतर नको."

आम्ही तिघं वर जाऊन आलो. परत आलो तर त्याने बाल्कनीतली खुर्ची फिरवून डोंगरांकडे पाठ केली होती. मी विचारलं, "दादा, काय बघतोस?" म्हणाला, "भिंत. भिंत पिवळी आहे."

दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावरून एक बाई गेल्या. त्यांना पाय नव्हते, हातांनी चालवायची सायकल होती. दादाने बाल्कनीतून ओरडून त्यांना थांबवलं, तसली सायकल कुठे भाड्याने मिळते ते विचारलं, आणि दुपारी प्लास्टरसकट नदीकाठच्या रस्त्याला लागला. मागे आई धावत होती, "संघू, हळू!" संध्याकाळी त्याचे खांदे इतके दुखत होते की जेवताना चमचा उचलवेना. पण खुर्ची पुन्हा डोंगरांकडे वळली होती. म्हणजे खुर्चीत बसावं लागण्याचा त्याला राग नव्हता, ताई. चाकांवरूनही तो आनंदाने गेला असता, स्वतः जाता आलं असतं तर.

एका मोडक्या घोट्यावरून माणसाच्या आयुष्याचं ठरवायचं नसतं, हे मला कळतं. मी स्वतःशी उलटही बोलून पाहिलं, माणूस बदलतो, तेव्हा नको होतं ते पुढे हवंसं होतं. पण मला तो कसा होता तेवढंच विचारलं आहे, आणि हे ऐकीव नाही. आईनेही पाहिलं आहे. आईने त्याच्या खिडकीशी खोऱ्याचा मोठा फोटो लावलाय आणि त्याची मान रोज भिंतीकडे कलते, हे मात्र मी सांगणार नाही. ती आपोआप होणारी हालचाल आहे, डॉक्टरांनी समजावलं आहे. त्याचा मी पुरावा करणार नाही.

१९ तारखेच्या बैठकीत मी बोलणार आहे. आई समोर असेल, तिच्या पर्समध्ये जुलैचं बुकिंग असेल. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही. तिचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही. तिला उचलून नेणं जमतं, तेवढंच तिच्या हातात उरलंय. मी सांगितलं तरी दादा परत येणार नाही, नाही सांगितलं तरी येणार नाही. यात कुठे बरं वाटायची जागा शोधली, ती नाही.

तेव्हा जे मागायला बसले होते ते आता मागत नाही. तू ऐकलंस ते तुझ्यापाशी आहे. सांगावंसं वाटलं तर डॉक्टरबाईंचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. आईला त्यातलं काही कळायची गरज नाही. नाही सांगितलंस तरी मी मनात काही धरणार नाही.

येत्या रविवारी सकाळी आई-बाबा वंदनेला विहारात असतील. मी मायराला सांगून ठेवलं आहे, तुला कुणी काही विचारणार नाही. यायलाच हवं असं नाही. आलीस तर एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात थबकणार नाहीस: त्याची दाढी आईने काढून टाकली आहे.

तुझी,
होता होता राहिलेली नणंद,
उत्पला